मेलेलं माझं, खेकडा मावशींचा

माझ्या मुलीच्या प्रबंधाच्या सुरुवातीला आभाराचं एक पान आहे. ते इंग्रजीत आहे, म्हणून मी ते दोन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतलं. दुसरा माणूस लागला, कारण पहिल्यावर माझा विश्वास बसेना. त्या पानावर आमच्या हॉटेलात भाकऱ्या करणाऱ्या मावशींचे आभार आहेत, 'अचूक निरीक्षणाबद्दल'. आणि माझे आभार आहेत, 'टेबल, वीज आणि चहाबद्दल'.

तेव्हापासून लोणावळ्यात भेटेल त्याला मी हे ऐकवतो. गॅसच्या टाक्या आणणाऱ्याला ऐकवलं, चिक्कीवाल्याला ऐकवलं, एकदा तर मुक्कामाला आलेल्या एका नवविवाहित जोडप्याला ऐकवलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच खोली सोडली. मात्र मी गोष्ट सांगतो ती अर्धी. मी सलग बारा दिवस दुपारची झोप मोडून समुद्राच्या तळाचे फोटो तपासले, इथपर्यंत सांगतो आणि उसासा टाकतो. पुढचं सांगत नाही. अर्धी सांगून सांगून मलाच ती पूर्ण वाटायला लागली, म्हणून आता उरलेली लिहितो. नावं कुणाचीच देत नाही. मावशींचं दिलं तर त्या आणखी चढून बसतील.

आधी माझी रीत सांगितली पाहिजे. माझा जन्म तिकोणा पेठेतला. विशीत लोहगडवाडीत गडाच्या वाटेवर चार बांबू आणि एक प्लॅस्टिक टाकून सरबत-भजीचं दुकान लावलं. आज लोणावळ्यात दुमजली हॉटेल आहे. मध्ये जे काही घडलं ते सगळं घासाघिशीच्या जोरावर, आणि माझी घासाघीस एका वाक्यानं सुरू होते. समोर म्हैस असो, जागा असो की जुना फ्रीज, मी एक फेरी मारतो आणि म्हणतो, "हे तर मेलंय." मग विकणारा घाम पुसत ते जिवंत असल्याचं पटवत बसतो आणि तेवढ्यात भाव उतरतो. हॉटेलची जागा मी अशीच घेतली. मूळ मालक शेवटी जिना उतरताना स्वतःच पुटपुटत होता, "खरंय, मेलेलीच होती."

या रीतीचा तोटा एवढाच, की ती मला बंद करता येत नाही. लग्नासाठी नवरी बघायला गेलो तेव्हाही मी घराच्या भिंतींकडे बघून काहीतरी बोललो होतो. बायको अजून ते वाक्य विसरलेली नाही.

मुलगी एकुलती एक. हॉटेल तिनं चालवायचं, हे ती पाळण्यात असतानाच मी ठरवलं होतं. ती शिकली, हुशार निघाली आणि समुद्राच्या तळावरच्या प्राण्यांचा अभ्यास करायला गेली. आमच्या सात पिढ्यांत पवनेच्या पाण्यापलीकडे कुणी पोहलेलं नाही. ही लक्षद्वीपला जाऊन पाठीवर हवेची टाकी बांधून खाली उतरायची. तळावर ठरलेल्या जागी प्लॅस्टिकच्या पाइपची चौकोनी चौकट ठेवायची आणि वरून फोटो काढायचा. पुन्हा काही महिन्यांनी त्याच जागी तीच चौकट, पुन्हा फोटो. त्यातल्या एका उन्हाळ्यात तिथलं पाणी फार तापलं आणि प्रवाळ पांढरे पडले. तिच्याकडे त्याआधीचे फोटो होते, त्या वेळचे होते आणि नंतरचेही होते. पांढरं पडल्यावर तळावरून कोण उठून जातं आणि कोण राहायला येतं, हा तिचा विषय.

पावसाळ्यात ती ते सगळं घेऊन घरी आली. पाच आठवड्यांत प्रबंध द्यायचा होता. तारीख चुकली तर मुदत संपणार होती आणि इतक्या वर्षांचं काम पाण्यात जाणार होतं. तिच्याबरोबर फोटो तपासणारी मैत्रीण नोकरी लागून निघून गेली होती. शिवाय तळावरून आणलेल्या तुटक्या प्रवाळाच्या तुकड्यांत सापडलेले बारीक किडे आणि कोळंबीसारखे जीव बाटल्यांत भरलेले होते. ते ओळखायला तिला रोज सकाळी पुण्याला प्रयोगशाळेत जावं लागे.

"मला फोटो तपासायला दोन माणसं हवीत," ती जेवताना म्हणाली. "मावशी, तुम्ही कराल?"

मावशी त्या वेळी तांदूळ निवडत होत्या. मावशी लोहगडवाडीच्या. माझ्या प्लॅस्टिकच्या दुकानापासून माझ्याबरोबर आहेत, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठ्या. मला त्या भाऊ म्हणतात, पण ओरडतात धाकट्या भावावर ओरडावं तसं. तांदळातला पांढरा खडा त्या न बघता बाजूला काढतात. शाळा चौथीपर्यंत.

"आणि दुसरं माणूस कोण?" मी विचारलं.

मुलगी थोडं थांबली. ते थांबणं मला त्याच वेळी समजायला हवं होतं. "बघते कुणीतरी," ती म्हणाली.

"मी काय मेलोय का?"

असा मी कामावर लागलो.

तिनं आम्हाला बसवून समजावलं. प्रवाळ हा दगड नव्हे, प्राणी. लाखो लहान प्राणी एकत्र राहून खालचा दगडी सांगाडा बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. तेच त्यांना बरंचसं अन्न पुरवतं आणि रंगही त्याचाच. पाणी फार तापलं की दोघांचं बिनसतं आणि शेवाळ बाहेर पडतं. मग प्राण्याचं अंग काचेसारखं होतं आणि आतला पांढरा सांगाडा दिसायला लागतो.

"म्हणजे मेलं," मी म्हणालो.

"नाही बाबा. उपाशी असतं, पण जिवंत असतं. पाणी लवकर निवलं तर शेवाळ परत येतं, रंग परत येतो. नाही निवलं तर मरतं. मेलं की थोड्याच दिवसांत वर लव धरते, हिरवट-तपकिरी, मोरीच्या कोपऱ्यात धरते तशी. पांढरं वेगळं आणि मेलेलं वेगळं. माझं सगळं काम या दोन शब्दांवर उभं आहे."

फोटो तिनं छापून आणले होते. प्रत्येकावर फुल्या मारलेल्या. फुलीखाली काय आहे ते तक्त्यात लिहायचं: जिवंत, पांढरं, मेलेलं, शेवाळ, स्पंज, वाळू. शिवाय चौकटीत कुठेही प्राणी दिसला, खेकडा, गोगलगाय, काटेरी गोळा, तर तो कशावर बसलाय ते लिहायचं. शेवटचा रकाना होता 'माहीत नाही'. "खात्री नसेल तर हाच रकाना वापरा," ती म्हणाली, "त्यात कमीपणा काही नाही." मी तो रकाना बघून हसलो. त्या दोन शब्दांवर हॉटेल उभं राहत नाही.

"आणि दोघांनी वेगवेगळं बसायचं. बोलायचं नाही. तुमचं एकमेकांशी जुळलं नाही तर उत्तम, तिथे मी स्वतः बघणार."

दोन दिवस आम्ही वेगळ्या टेबलांवर बसलो. आडवारची दुपार, बाहेर धुकं, गिऱ्हाईक नाही. कागदांना ओल लागू नये म्हणून तक्ते प्लॅस्टिकच्या पिशवीत. तिसऱ्या दिवशी मी मावशींच्या टेबलावर जाऊन बसलो. कारण मावशी लिहिता लिहिता मान हलवायच्या, आणि कुणी मान हलवली की ती माझ्यावरच आहे असं मला वाटतं.

"मावशी, सतराव्या फोटोत काय लिवलं?"

"पांढरं."

"कुटं पांढरं? मेलंय ते." शांत असेपर्यंतच मला शहरी मराठी येते.

"भाऊ, कोबी हाय त्यो. पांढरा कोबी काय मेलेला असतुया? काळा पडला की मेला." फांद्याफांद्यांच्या, फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या प्रवाळाला त्या पहिल्या दिवसापासून कोबी म्हणत होत्या, आणि फोटो बघून नाही म्हणणंही अवघड होतं. "आन हितं बघा, फांदीत खेकडा बसलाय. जित्तं घर सोडून मेलेल्यात कशाला बसंल?"

"खेकडा नाही, सावली आहे ती."

"सावलीला चिमटं असत्यात व्हय?"

मी चिडलो. एका तासात त्या सात वेळा बरोबर ठरल्या होत्या, आणि हे हॉटेल माझं आहे. मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला आणि चहा पुसता पुसता तोडगाही काढला. तीस वर्षं मी हेच करत आलोय. "हे बघा मावशी. खेकडा तुमचा, मी मान्य करतो. मेलेलं माझं, तुमी मान्य करा. आन पुढच्या फोटोत तुमचं पांढरं मला मान्य."

मावशींनी माझ्याकडे बघितलं, मग पिठाच्या पातेल्याकडे बघितलं. संध्याकाळच्या चाळीस भाकऱ्या राहिल्या होत्या. "लिवा," त्या म्हणाल्या. "तुमच्यासंगं कोण टकुरं फोडून घील."

त्या दिवसापासून दहा दिवस आम्ही समुद्राचा तळ असा वाटून घेतला. एकात माझं, एकात त्यांचं. कधी मी दोन गोगलगाई सोडायचो आणि एक मेलेलं पदरात पाडून घ्यायचो. तक्ते नीट जुळायला लागले. माझ्या दृष्टीनं दोन माणसांचं जुळलं म्हणजे काम चोख झालं. मुलगी संध्याकाळच्या लोकलनं थकून यायची, तक्त्यांचे गठ्ठे बघायची आणि म्हणायची, "बाबा, खूपच काम केलंत." मी कॉलर ताठ करायचो.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते. मला ते मेलेलंच हवं होतं. सवयीनं म्हणत होतो हे खरं, पण नुसत्या सवयीनं नाही. माझा हिशेब असा होता, की तिथलं सगळं मेलं असं ठरलं की तिचं तिथलं काम संपेल. मेलेल्या गोष्टीकडे पुन्हा पुन्हा कोण जाईल? मग ती घरी येईल आणि खालच्या गल्ल्याच्या खुर्चीवर बसेल. म्हणून प्रत्येक पांढऱ्या ठिपक्याला मी मनापासून मारत होतो. म्हशीचा भाव पाडला तसा मी प्रवाळांचा भाव पाडत होतो, आणि विकणारा समोर नसल्यामुळे मला अडवणारं कुणीच नव्हतं, मावशी सोडून.

रविवारी तिच्या मार्गदर्शक बाई मुंबईहून पुण्याला परतताना हॉटेलवर थांबल्या. सडपातळ, सावकाश बोलणाऱ्या. मी त्यांना कोपऱ्यातलं चांगलं टेबल दिलं, पिठलं-भाकरी वाढली आणि न विचारता तक्ते पुढे ठेवले. मला शाबासकी हवी होती. बाईंनी हात पुसून तक्ते चाळले. चाळता चाळता त्यांचा वेग कमी झाला.

"फारच जुळतंय," त्या म्हणाल्या.

"जुळणारच. घरचं काम आहे," मी म्हणालो.

"दोन माणसं इतकी जुळत नाहीत. मी आणि माझे मिस्टरसुद्धा नाही." त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हा खेकडा कशावर बसलाय?"

"मेलेल्या प्रवाळावर."

"हा बोटाच्या पेराएवढा खेकडा जिवंत प्रवाळातच राहतो. प्रवाळाच्या अंगावरचा चिकट थर खातो आणि त्याला कुरतडायला कुणी आलं तर चिमटे काढून हाकलतो. प्रवाळ पांढरा पडला तरी काही दिवस तग धरतो. पण मेल्यावर, वर लव धरल्यावर तो तिथे राहत नाही."

"राहिला असेल एखादा. भाडेकरू कुठे लवकर निघतात?"

"एखादा नाही. पानापानावर आहे." त्या मावशींकडे वळल्या. मावशी भाकरीची टोपली घेऊन उभ्या होत्या. "मावशी, तुम्ही काय बघितलंत?"

"खेकडा मी बघितला. मेलेलं भाऊंचं."

"भाऊंचं म्हणजे?"

"म्हंजी आमी वाटून घेतलं, बाई."

हॉटेलात इतर दोन टेबलांवर माणसं जेवत होती. त्यांचेही घास थांबले असं मला वाटलं, पण मला राग आला की सगळं जगच थांबल्यासारखं वाटतं. मी उठून म्हणालो, मी अडाणी माणूस असेन, पण मला मोजता येत नाही असं आजवर कुणी म्हणालेलं नाही. बाई म्हणाल्या, "मोजता येतं की. फक्त घरच्यांकडून मोजून घ्यायचं नसतं, ही चूक आमची." मला हा अपमान वाटला. पुढे कित्येक दिवस मी तो अपमान म्हणूनच सांगितला. वाक्य तपासून बघितलं तर त्यात त्यांनी मला वाचवलं होतं.

बाई गेल्यावर मुलगी तक्त्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन जिन्यात बसली. ती ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं.

"बाबा, तुम्ही समुद्राशी घासाघीस केलीत."

मी खालच्या पायरीवर बसलो.

"तो गप्प बसला म्हणून तुम्हाला वाटलं सौदा पटला. आता हे सगळं पहिल्यापासून करायचं. तीन आठवडे राहिलेत." मग तिनं विचारलं, "तुम्हाला ते मेलेलंच का हवं होतं?"

"मेलं की तुझं काम संपलं असतं," मी म्हणालो. पुढचं ती समजली. खालच्या खुर्चीकडे तिनं एकदा बघितलं.

मला वाटलं ती रडेल. ती उठली, वर गेली आणि एक बाटली घेऊन आली. तळाशी वाळूच्या कणांएवढे जीव. "ही मेलेल्या प्रवाळाच्या तुकड्यातली. मेल्यावर काम संपत नाही, बाबा, तिथून नवीन सुरू होतं. आधी खेकडे आणि कोळंब्या जातात. प्रवाळ कुरतडणाऱ्या गोगलगाई उरलेल्या जिवंत प्रवाळांवर गर्दी करतात, मग त्या प्रवाळांचेही हाल होतात. मेलेल्यावर शेवाळ येतं, शेवाळ खरवडायला काटेरी गोळे येतात. सांगाडा आतून पोखरणारे किडे येतात, स्पंज येतात. मग तो ढासळतो, त्याचा चुरा होतो आणि चुऱ्याच्या फटींत हे येतात. कधी कधी आधीपेक्षाही जास्त. नुसती संख्या बघितली तर वाटेल काहीच बिघडलं नाही. कोण आहे ते बघावं लागतं. आणि कोण कधी गेलं हे कळायला पांढरं कधी होतं आणि मेलं कधी, ते अचूक लागतं. तेच तुम्ही वाटून घेतलंत."

बाटलीकडे बघून मला आमची बाजारपेठ आठवली. तिथे गर्दी आधीपेक्षा जास्त आहे आणि मी दुकान मांडलं तेव्हाचे चेहरे चारच उरलेत. हे मी तिला सांगायला तोंड उघडलं, पण त्यातले निम्मे चेहरे माझ्या घासाघिशीमुळेच गेलेत हे आठवलं आणि तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुण्याच्या प्रयोगशाळेत जाणं बंद केलं. बाटल्यांचं उरलेलं काम बाईंनी आपल्या अंगावर घेतलं. इकडे मुलगी एका टेबलावर आणि मावशी दुसऱ्या टेबलावर बसल्या, मधे दोरीवर चादर. तक्ते कोरे. मला त्या खोलीत यायला बंदी. बंदी मुलीनं घातली नाही, मावशींनी घातली. "भाऊ, तुमी हितं नगा. तुमी चुलीम्होरं जा," त्या म्हणाल्या, "माझ्या भाकरी कोण करणार?"

तीन आठवडे मी भाकऱ्या थापल्या. लोहगडवाडीत सुरुवातीला मीच करायचो, त्यामुळे येतात असं वाटत होतं. पहिल्या दिवशी एका गिऱ्हाइकानं भाकरी ताटात उचलून बघितली, पलटून बघितली आणि वाढणाऱ्याला म्हणाला, "ही तर मेलीये." मी आतून ऐकलं. बायको गल्ल्यावर इतकी हसली की तिला उठून पाणी प्यावं लागलं. मी बाहेर येऊन त्या माणसाशी भांडलो, त्याला भाकरीचे पैसे लावले नाहीत आणि आत जाऊन दुसरी थापली. तीही तशीच झाली.

चादरीआडून मला मुलीचं पेन ऐकू यायचं आणि मधूनच मावशींचा आवाज, "हे मला म्हाईत न्हाई, पोरी." मावशी तो रकाना सरळ वापरत होत्या. सुरुवातीला मला त्यांची कीव आली. नंतर लक्षात आलं, की संध्याकाळी तक्ते जुळवताना मुलगी त्याच फुल्यांवर सगळ्यात जास्त वेळ थांबत होती. कुठे बघायचं हे मावशी तिला सांगत होत्या. माझ्या बारा दिवसांच्या तक्त्यांत तो रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरा होता.

प्रबंध मुदतीच्या आदल्या दिवशी गेला. आभाराचं पान मी त्यानंतर बघितलं, आणि तक्रार तिथून सुरू झाली ती अजून सुरू आहे. मी मुलीला विचारलंही, की निदान 'भाकऱ्या' तरी घालायच्या होत्यास.

"बाबा, खोटं कसं लिहू?" ती म्हणाली.

ती हॉटेलात बसली नाही. महिन्याभरात परत बेटांवर गेली, त्याच जागी चौकट ठेवायला. मागच्या महिन्यात दोन दिवस आली तेव्हा लॅपटॉपवर एक नवा फोटो उघडून माझ्यासमोर ठेवला. तक्ता नाही, फुली एकच. "बोला," ती म्हणाली, "हे काय आहे?"

फुलीखाली काहीतरी फिकट होतं. पूर्ण पांढरं नाही, तपकिरीही नाही. कडेला थोडा रंग परत आल्यासारखं वाटत होतं, किंवा मला तसं वाटून घ्यायचं होतं. या वेळी मला ते जिवंत हवं होतं, कारण तिचा चेहरा तसा होता. दोन्ही उत्तरं माझ्या जिभेवर आली. त्यातलं कुठलं माझं आणि कुठलं फोटोतलं, हे मला सांगता येईना.

"माहीत नाही," मी म्हणालो. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा.

मुलीनं माझ्याकडे बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

मावशी मागून हात पुसत आल्या, चष्मा वर करून त्यांनी एकदा वाकून बघितलं. "दगूड हाय त्यो, भाऊ," त्या म्हणाल्या आणि भाकऱ्यांकडे गेल्या.